गाण्यातले तीन ठोके

मे १९८६, दुसरा रविवार, दुपारचे अडीच. ठिकाण – पूर्णा, रेल्वे क्वार्टर. हजर – माझे थोरले भाऊ अण्णा (इंजिन ड्रायव्हर), वहिनी आणि उन्हाळी सुट्टीत परभणीहून आलेली मी. मी शाळेचं भांडार सांभाळते. प्रत्येक कामाची यादी, काम झालं की रेघ. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तारीख-वेळ विचारून मी गप्प करायचे. म्हणून स्वतःचा अनुभवही तसाच लिहिते.

आधी गाण्याबद्दल. अण्णांच्या एका गार्ड मित्राने कॅसेट दिली होती – अकरा मिनिटांचं एकच इंग्रजी गाणं. शब्द कुणालाच कळायचे नाहीत. चाल चारदा बदलते, मध्येच बासरी, मध्येच एक माणूस उगाच हसतो... पहिल्यांदा ऐकून वहिनी म्हणाल्या होत्या, "याला डॉक्टरला दावा." तरी सहा वर्षं ते घरातून हललं नाही, वहिनींच्या भाकरीसुद्धा त्याच वाकड्या ठेक्यावर पडायच्या. मधोमध ऑर्गन थांबतो, क्षणभर शांतता, मग लाकडावर तीन ठोके.

ड्रायव्हरला ड्युटीवर बोलवायला कॉलमन घरी येतो. दार वाजवतो, वहीत सही घेतो. सही केली की जावंच लागतं. त्यामुळे गाण्यात ठोके आले की अण्णा ओरडायचे, "आलो, वही आण!" आणि वहिनी म्हणायच्या, "त्याला चा तरी इचारा." रोजची थट्टा.

त्या दिवशी अण्णांची रेस्ट होती. ते आत झोपलेले, मी कॅसेट लावून गहू निवडत होते. ऑर्गनचा सूर एकदम घरंगळला, पंखा मंदावला – लाईट गेली. टेपची चाकं थांबलेली मला समोर दिसत होती.

आणि तीन ठोके पडले.

"आलो, वही आण," आतून अण्णा.

ते उठून आले, दार उघडलं. बाहेर नुसतं ऊन. माणूस कुणीच नाही. अण्णांनी हात पुढे केला आणि हवेत सही केली... मग अनवाणीच निघाले.

"आज रेस्ट हाय ना तुमची?" वहिनींनी विचारलं. ते वळले नाहीत.

मी मागे धावले, हाका मारल्या. अण्णा रुळांमधून चालत होते – तीन पावलं, थांबा, दोन पावलं – गाण्याच्या ठेक्यावर. समोरून मालगाडीची शिट्टी झाली. मी मागून सदरा धरून ओढलं आणि आम्ही दोघं खडीवर आपटलो. गाडी गेली.

अण्णा उठून बसले. मग हळूच म्हणाले, "सुमे, वहीत माझ्या नावाखाली तुझं नाव व्हतं. सही राह्यली तुझी."

संध्याकाळी मी चौकशी केली. त्या दिवशी अण्णांच्या नावाचा कॉल निघालाच नव्हता. कॉलमन आमच्या लाईनीत आला नव्हता. शेजारची पोरं घरात झोपलेली. ठोके वहिनींनीही ऐकले होते. यापुढे माझी चौकशी जात नाही.

कॅसेट ट्रंकेत आहे. ना फेकवत, ना लाववत. पण गाणं सुटलेलं नाही – गहू निवडताना आपोआप गुणगुणते आणि ऑर्गनपाशी येऊन तोंड दाबून धरते. दार वाजलं तर "कोण?" एवढंच विचारते. "आले" म्हणत नाही.

बाकी सगळ्या कामांवर रेघ मारली आहे. एक सही तेवढी राहिली आहे.