एका होडीतले दोन व्याही

माझे बाबा बोलत नाहीत, कारण त्यांच्या तोंडात कायम चुका असतात. लहानपणी मी हे शाळेत बाईंना सांगितलं तेव्हा वर्गात हशा पिकला होता. पण ते शब्दशः खरं आहे. बाबा सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा दुरुस्त करतात. लाकडी सांगाड्यावर कापड ठोकायला ज्या बारीक खिळ्या लागतात, त्यांना चुका म्हणतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग चुका ठेवायच्या कुठे? तोंडात. जिभेने एकेक पुढे सारायची, चुंबकाच्या हातोडीने ओठांवरून उचलायची आणि ठोकायची. अशा माणसाला कुणी "काय, बरं चाललंय ना?" म्हणून विचारलं, तर त्याने एक तर मान हलवावी, नाहीतर चूक गिळावी. बाबांनी मान हलवायची सवय लावून घेतली. घरी आल्यावर तोंड रिकामं झालं तरी ती सवय सुटली नाही.

गावात त्यांना चुकामास्तर म्हणतात. त्याचाही त्यांना राग येत नाही.

मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. दारात कायम एखादा सोफा पाय वर करून पडलेला. आत काथ्याचा आणि नव्या कापडाचा वास. सोफ्यांच्या पोटात माणसं काय काय हरवतात ते बाबांइतकं कुणाला ठाऊक नसेल: कंगवे, चमचे, एका पायाचे मोजे. एकदा कवळी निघाली होती. बाबांनी ती स्वच्छ धुतली, कागदात गुंडाळली आणि सोफा पोचवायला गेले तेव्हा त्या घरच्या आजोबांच्या हातात गुपचूप दिली. आजोबांनीही तोंड न उघडता ती खिशात घातली. दोघांनी एकमेकांना मान हलवली. बाबांना असे व्यवहार फार आवडतात.

घरात बोलायचं खातं आईकडे. ती म्हणते, "लग्नाला होकार देतानाही यांनी नुसती मान हलवली होती. माझ्या वडिलांना वाटलं, माशी बसली असेल."

बाबांचं दुसरं प्रेम म्हणजे कयाक, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. किनाऱ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या एकाच्या सगळ्या बैठका बाबांनी नव्याने शिवून दिल्या, तेव्हा त्याने एक जुनी, ऊन खाऊन फिकुटलेली नारिंगी कयाक त्यांना देऊन टाकली. होती दोघांची. बाबा मागे बसत आणि पुढच्या जागेवर जिवंत कोळंबीची बादली ठेवत. स्वतःची बैठक त्यांनी अशी शिवली होती, की आमच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीला तिचा हेवा वाटावा.

ते जात ते फक्त हिवाळ्यात. हिवाळा म्हणजे तरी काय, आमच्याकडे सकाळी एखादा पातळ स्वेटर पुरतो. पण वारा पडतो, पाणी निवळतं, आणि मुख्य म्हणजे मासे माणसासारखे वागायला लागतात. सकाळच्या गारव्यात ते खाडीच्या खोल पाण्यात सुस्त पडून राहतात. दुपारी उन्हाने कडेचा काळा चिखल तापला, की ऊब घ्यायला उथळ पाण्यात, खारफुटीच्या मुळांपाशी येतात. म्हणजे जेवून, डुलकी काढून, आरामात गळ टाकायला जायचं. दर बुधवारी आणि रविवारी दुपारी बाबा दुकानाला कुलूप घालत, कयाक दोन चाकांच्या गाड्यावर बांधत आणि गल्लीतून ढकलत नेत. वल्हं पाण्यात पडल्याचाही आवाज होणार नाही असं ते वल्हवतात. बहुधा मासे त्यांना ओळखत असावेत.

मग माझं लग्न झालं आणि या शांततेत माझे सासरे आले.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. जन्मभर त्यांनी मोठ्या शहराच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा केली. भोंगा बिघडला तर ते खिडकीत उभे राहून तसेच ओरडत, आणि गाड्या वेळेवर सुटत. निवृत्त झाल्यावर श्रोते उरले नाहीत, तर त्यांनी घरातच सुरू केलं. "लक्ष द्या! स्वयंपाकघरातून निघालेला चहा थोड्याच वेळात येत आहे!" सासूबाई कपाळाला हात लावत.

लग्नाच्या वेळी एक घोटाळा झाला होता, आणि तो मला फार उशिरा कळला. आम्ही सासरी जायला निघायच्या आदल्या रात्री बाबा गुपचूप खाली गेले आणि अण्णांच्या गाडीची मागची सीट उसवून, तिची एक स्प्रिंग बदलून, पुन्हा शिवून ठेवली. कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की तुमच्याकडे बसायलासुद्धा धड जागा नाही, हे व्याह्यांनी न बोलता दाखवून दिलं.

त्यानंतर अण्णा आमच्याकडे आले, की मानपानात किंचितही उणं पडू देत नसत. भेटवस्तू आणत, तोंडभरून बोलत. बाबा समोर बसून नुसते ऐकत. अण्णा परत जाताना माझ्या नवऱ्याला विचारत, "अजून नाराजच दिसतात रे. आपलं काय चुकलं?"

नवरा म्हणे, "अण्णा, ते तसेच आहेत."

"तसं कुणी नसतं," अण्णा म्हणत.

तिसऱ्या हिवाळ्यात सासूबाईंनी त्यांना आमच्याबरोबर माझ्या माहेरी धाडलं. "घेऊन जा बाई," त्या मला म्हणाल्या, "माझ्या कानांना जरा सुट्टी मिळू दे." वाटेत अण्णांनी मला सांगून टाकलं, की या वेळी सोक्षमोक्ष लावायचाच. बुधवारी दुपारी बाबा कयाक गाड्यावर बांधायला लागले तसे अण्णा पायजमा वर दुमडून हजर.

"व्याही, मीही येतो."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मान हलवू नका, काय ते तोंडाने सांगा." पण व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? बाबांनी मान हलवली.

मी किनाऱ्यापर्यंत सोबत गेले, म्हणून पुढचा भाग माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. गुडघाभर पाण्यात उभं राहून बाबांनी अण्णांना पुढच्या जागेकडे हात केला.

"छे छे, आधी तुम्ही," अण्णा म्हणाले.

बाबांनी पुन्हा हात केला.

"अहो, घर तुमचं, होडी तुमची, समुद्र तुमचा. मान तुमचा."

बाबांनी दोन्ही हात जोडले. अण्णांनीही जोडले. या नमस्कारात कयाक कुणीच धरलेली नव्हती. ती निवांत वळली आणि कोळंबीची बादली घेऊन एकटीच निघाली. जाळं धूत उभी असलेली एक बाई हसून हसून खाली बसली, आणि मग तिनेच पाण्यात धावत जाऊन कयाक ओढून आणली. "बसा हो आता," ती म्हणाली, "नाहीतर मी जाते."

पुढचं मला अण्णांनी सांगितलं. ते सांगतात त्यातलं निम्मं कमी करून मी सांगते.

निघाल्यापासून अण्णांचं वल्हं बाबांच्या वल्ह्यावर आपटत होतं. मग अण्णांनी ताल धरायला मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, "डावं! उजवं! डावं!" खारफुटीतले बगळे उडून गेले.  कडेच्या उथळ पाण्यात पोचल्यावर बाबांनी एक लांब बांबू चिखलात रोवून कयाक त्याला बांधली, अण्णांच्या गळाला कोळंबी लावून दिली आणि कुठे टाकायचं ते बोटाने दाखवलं. अण्णांनी गळ टाकला तो झाडावर. दुसऱ्यांदा टाकला तो स्वतःच्या टोपीत. बाबांनी दोन्ही वेळा शांतपणे सोडवून दिला. ऊन पाठीवर ऊबदार लागत होतं, पाण्याखालचा चिखल मांजराच्या पोटासारखा मऊ दिसत होता. एक बोई मासा उगाचच उडी मारून गेला. आणि अण्णांनाही, म्हणे, जन्मात पहिल्यांदा काय बोलावं ते सुचेना.

शेवटी ते पुढे तोंड करूनच म्हणाले, "व्याही, एक विचारतो. आमच्या गाडीची सीट तुम्ही का शिवलीत?"

 मग बाबा म्हणाले, "स्प्रिंग बोचत होती."

"ते कळलं हो. पण का?"

"पोरगी त्यावर बसून जाणार होती. लांबचा रस्ता."

अण्णा म्हणतात, "सुनबाई, मला तिथेच रडू येणार होतं, पण होडी हलेल म्हणून आवरलं."

"मग माझ्याशी एक शब्द का बोलत नाही तुम्ही?" त्यांनी बाबांना विचारलं. "मला वाटायचं, राग आहे."

बाबांना खरंच नवल वाटलं असावं. कारण नंतर ते जेवढं बोलले, तेवढं सलग बोललेलं मी कधी ऐकलेलं नाही. दुकानासाठी कापड आणायला ते वर्षानुवर्षं त्या मोठ्या शहरात जात. परतीच्या गाडीसाठी स्थानकावर बसून राहत. गर्दी, धूर, गोंधळ, आणि त्यात वरून एक आवाज यायचा, की तुमची गाडी येते आहे, काळजी करू नका. "काळजी करू नका असं तुम्ही म्हणायचा नाहीत," बाबा म्हणाले, "पण मला तसं ऐकू यायचं. सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही तोंड उघडलंत आणि मी ओळखलं. आता तुम्ही बोलायला लागलात की मी गप्पच बसतो. घोषणा चालू असताना कोण बोलतं?"

अण्णा वळून बाबांकडे बघायला गेले, तेवढ्यात त्यांच्या हातातली गळाची काठी वाकली.

साधी नाही, कमानीसारखी वाकली. रीळ किंचाळायला लागलं. खारफुटीच्या मुळांतून मोठी तांबोशी मासळी आली होती आणि कोळंबी घेऊन परत मुळांकडे निघाली होती. कयाक गर्रकन फिरली. अण्णा उत्साहाच्या भरात उठून उभे राहायला लागले.

"बसा!" बाबा ओरडले.

अण्णा मटकन बसले. बाबांचा तो आवाज ऐकून किनाऱ्यावर मी दचकले. आधी वाटलं अण्णाच आहेत, पण अण्णा एका शब्दात कधीच थांबत नाहीत.

"ओढू नका! सोडा, सोडा... आता ओढा. हळू! पोराला झोपवताना पांघरूण ओढतो तसं!" बाबा बोलतच होते. एका हाताने त्यांनी बांबूची दोरी सोडली आणि मासा मुळांत शिरू नये म्हणून जीव खाऊन उलटं वल्हवायला लागले. तांबोशी दोघांनाही किनाऱ्यासमोरच्या उघड्या पाण्याकडे घेऊन निघाली. तिथे तिने एकदम उलटी धाव घेतली, अण्णा डावीकडे झुकले, बाबाही चुकून डावीकडेच झुकले, आणि कयाक उलटली.

मी किंचाळले. जाळं धुणारी बाई पुन्हा पाण्यात धावायला उठली. पण पाणी कमरेएवढंच होतं, आणि कोमट. दोन लाल लाइफ जॅकेट वर आली. अण्णांची टोपी गेली, कोळंबी सुटून घरी गेली. पण अण्णांनी काठी काही सोडली नव्हती! चिखलात घट्ट रुतून दोघं उभे राहिले. एकाने काठी धरली, दुसऱ्याने बुडत चाललेलं हातजाळं पकडलं. आणि बाबा हसत होते. आवाज करून, डोकं मागे टाकून. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मीही पाण्यात गुडघाभर शिरून वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

तांबोशी दमायला बराच वेळ गेला. जाळ्यात तिचं डोकंच मावलं. बाकीची बाबांनी मिठीत घेतली.

परत येताना अण्णा गप्प असतील असं मला वाटलं होतं. कसले गप्प! किनारा जवळ येताच त्यांनी सुरू केलं, "लक्ष द्या, लक्ष द्या! खाडीवरून येणारी नारिंगी गाडी फलाटाला लागत आहे! प्रवाशांनी मासा बघण्यासाठी पुढे यावं!" आणि माणसं खरंच आली. बर्फवाला आला, होड्या भाड्याने देणारा आला. जाळं धुणारीने मासा हातात घेऊन वजन अजमावलं आणि म्हणाली, "एवढ्या गोंधळात ही सापडली, म्हणजे बहिरी असणार." बाबा चिखलाने माखलेले, मागे उभे होते. पण तिच्या विनोदाला ते चक्क शब्दांनी उत्तरले, "नाही हो, घोषणा ऐकूनच आली."

आईने त्या दोघांना अंगणातच नळाखाली उभं केलं आणि दारातून यथेच्छ बोलून घेतलं.

त्याला आता पुष्कळ हिवाळे लोटले. अण्णा आणि सासूबाई थंडी सुरू झाली, की आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहतात. बुधवारी आणि रविवारी दोन्ही व्याही खाडीत. बाबा अजूनही फार बोलत नाहीत, अण्णा अजूनही फार मासे धरत नाहीत. या वर्षी माझ्या नवऱ्याला वाटलं, दोघांचं वय होत चाललं, एकमेकांची अडचण होत असेल. म्हणून त्याने अण्णांना वाढदिवसाला एकट्याची नवी कोरी निळी कयाक आणून दिली.

अण्णांचा चेहरा उतरला. "आणि मी बोलू कुणाशी?"

बाबांनी कयाकभोवती एक फेरी मारली, बैठक बोटाने दाबून पाहिली. "परत कर," ते जावयाला म्हणाले. एवढंच.

"परत कशाला?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मला द्या की."

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. जिने आयुष्यात घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही, ती. पण तिने ऐकलं नाही. सासूबाईंनी कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून तिला शिकवलं, कारण लहानपणी नदीत पोहलेल्या त्या एकट्याच होत्या. आता मंगळवारी दुपारी, पाणी शांत असलं की आई एकटी निघते. गळ नाही, बादली नाही. सोबतीला कुणी येऊ म्हटलं तर नको म्हणते.

परवा मी विचारलं, "आई, तू एकटी तिकडे करतेस तरी काय?"

"काही नाही ग," आई पदराने तोंड पुसत म्हणाली. तिचं नाक उन्हाने लाल झालं होतं आणि ती फार खुशीत होती. "गप्प बसते. काय मजा असते ग त्यात! इतकी वर्षं यांनी मला सांगितलंच नाही."