शेरवानीचा घेर

अण्णाला मी शेवटचं भेटले तेव्हा तो खाटेवर बसायच्या बेतात होता. टेकण्याआधी त्यानं दोन्ही हातांनी मांडीवरून काहीतरी अलगद बाजूला सारलं. अंगात साधी बंडी, सारण्यासारखं काहीच नव्हतं. सून हळूच म्हणाली, "आत्या, मामंजींना भास व्हायलेत." मी म्हटलं, "भास कशाचा गं बाई, शेरवानी हाय ती..." तिला काय कळणार! पंधरवड्यात तो गेल्याचा फोन आला.

अण्णा माझा थोरला भाऊ. कोहिनूर नावाच्या आमच्या आडगावातून हैदराबादला जाऊन बी.ए. झालेला, फारसी आणि इतिहास घेऊन, सगळं उर्दूतून. परीक्षेला बसला तेव्हा निजामाचं राज्य होतं. निकाल घेऊन गावी आला तोवर पोलीस ॲक्शन होऊन ते राज्य गेलेलं. कपाळाला विभूती आणि अंगात कॉलेजातली काळी शेरवानी, काय शोभायचा म्हणून सांगू! त्याच शेरवानीत तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागला. कारकुनाची जागा असो, मास्तरची असो, मिळेल ती करीन म्हणायचा. बाकावर बसताना शेरवानीचा घेर हातानं बाजूला सारायचा, चुरगळू नये म्हणून. नव्यानं आलेले साहेब त्याला नखशिखांत न्याहाळायचे आणि "कळवतो" म्हणायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, "अजून निजामाचीच वाट बघताय का?" मला आजही संताप येतो. त्या दंगलीच्या दिवसांत निजामाच्या माणसांच्या भीतीनं आम्हीसुद्धा ज्वारीत लपून बसलो होतो की!

मग कलबुर्गीहून मास्तरच्या जागेसाठी बोलावणं आलं. आमचे वडील, अप्पा, किराणा दुकान चालवायचे. त्यांनी बजावलं, "ही शेवटची खेप. न्हाई जमलं तर गुमान गादीवर बसायचं." अण्णाचं तोंड उतरलं. पोरांना इतिहास शिकवायचा, हे एकच वेड होतं त्याला. दुकानाच्या गादीवर बसला की ते संपणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच दुपारी शेरवानी माझ्यापुढं टाकून म्हणाला, "नीले, काप. कोट कर हिचा."

"कामून? एकच तर चांगला कपडा हाय तुझा. बिघडला तर?"

"हिच्यामुळंच समदं अडायलंय. काप म्हनलं ना!"

मी कात्री उचलली. आई, आमची अव्वा, चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. अण्णा भिंतीकडं तोंड करून उभा. जाड कापडातून कात्री जाता जाईना... गेली एकदाची. कोट बरा झाला. कापलेला घेर मात्र टाकवेना, मी तो ट्रंकेत ठेवला.

कलबुर्गीचे साहेब भले निघाले. कपड्यांबद्दल चकार शब्द नाही. "कन्नड शाळा आहे, फळ्यावर कन्नडात चार ओळी लिहून दाखवा," एवढंच म्हणाले. घरात आम्ही मराठी-कन्नड दोन्ही बोलायचो, आणि कन्नड अक्षरंही अण्णानं महिनाभर गिरवली होती. त्यानं खडू घेतला, आणि उजवीकडून लिहायच्या उर्दूच्या सवयीनं हात थेट फळ्याच्या उजव्या टोकाला गेला. दोन अक्षरं झाली, पुढं जागाच नाही. मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्यानंतर त्याला एकही अक्षर आठवेना.

परत आला तो अंगणातच थांबला. "शेरवानी कापलीस नीले, आता या हाताचं काय करू?" मी ढसाढसा रडले. तो नाही रडला. दुसऱ्या दिवशी तो कोट घालून दुकानात गेला, आणि गादीवर बसताना नसलेला घेर दोन्ही हातांनी बाजूला सारला. पुढं जन्मभर तो तसाच बसत आला.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. फोन आला तशी मी ट्रंक उघडली. खड्ड्यात अण्णाला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली... पोरं विचारायला लागली, "आत्या, हे काय आणलंय?" मी पुढं झाले. वाकून तो काळा घेर त्याच्या मांडीवर पसरला. नीट, चुरगळू नये म्हणून.