कोणाचं कोणाला न सांगणारे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या पोटात अख्ख्या गावाची दुखणी मावायची, पण ओठांवर एकही आलं नाही. "एकाचं दुखनं दुसऱ्याले सांगनं म्हंजे चोरी," असं ते म्हणत. मेडशीच्या बाजारापर्यंत लोक त्यांना कुलूप डॉक्टर म्हणत.

त्या कुलपावर माझा भारी जीव. नवी नवरी असताना गोरं व्हायचं म्हणून मी तोंडाला चुना आणि लिंबू चोळलं. अक्कल तेव्हा माहेरीच राहिली होती. तोंड माकडाच्या ढुंगणासारखं लाल! सासूबाईंनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलं. सुनेले सावलीत बसवा." मी सावलीत बसून आयतं खाल्लं.

माझी धाकटी जाऊ शांता बकऱ्या राखायची. अंगावर गोचीड सापडला की नखानं चिरडून पुढे चालायची. दुपारी मटण खाल्लं की संध्याकाळी तिच्या अंगावर गांधी उठत. "पित्त हाय वं, बाई," म्हणून गेरू चोळून मोकळी. डॉक्टरांकडे कधी गेली नाही. गेल्या वर्षी कंदुरीत नवसाच्या बकऱ्याचं मटण पोटभर जेवली. संध्याकाळी गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास अडला. वाशीमच्या वाटेवर ऑटोतच गेली.

तेरवीला बाया आपसात कुजबुजू लागल्या. गवळ्याच्या म्हाताऱ्याला आणि सुताराच्या सुनेलाही असंच व्हायचं. डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं, दार लोटून सांगितलं होतं : गोचीड चावल्यावर काहींच्या अंगाला मटण सोसेनासं होतं, आता तोंडी लावू नका.

मी तशीच दवाखान्यात गेले. "तुमाले मालूम होतं! काहून नाही सांगतलं?"

"वहिनी, त्याहीचं दुखनं तुमाले कसं सांगू?"

"नावं नोका सांगू! पन वरच्या सायबाले तं कळवाचं. त्यानं गावोगाव सांगतलं असतं."

"हिवताप, क्षय कळवा लागते. याचा हुकूम नाही."

"हुकूम नाही मनून तोंड बी नाही?"



दुसऱ्याच दिवशी डॉक्टर तालुक्याला आरोग्य खात्याच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, हा आजार कळवायच्या आजारांत नाही. परतले ते थेट बाजारात उभे राहून ओरडून सांगू लागले. लोक हसले. मग विश्वास बसावा म्हणून त्यांनी त्या दोघांची नावं घेतली. सुताराचं घर माळकरी. सून माहेरी जाऊन मटण खाते, हे सासऱ्याला भरबाजारात कळलं! गोचीड कोणाच्या कानात शिरला नाही. सुनेचं मटण मात्र गावभर झालं. "डॉक्टरचं तोंड सुटलं," म्हणत लोकांनी दवाखाना सोडला. शेवटी ते मुलाकडे कारंज्याला निघाले. बसमध्ये चढताना म्हणाले, "वहिनी, कळवाचा हुकूम निघाला, तं मले सांगजा."

परवा नातवाच्या मांडीला गोचीड निघाला. त्याला नव्या डॉक्टरकडे नेलं, शांताचं सगळं सांगितलं. डॉक्टर पोरसवदा पण हुशार, मन लावून ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "आजी, या भागात असं काही होतं, हे मी आजच ऐकतोय."