आईचं काम केलं ती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मुलाखती तर किती दिल्या! पहिली संधी कशी मिळाली, हा प्रश्न ठरलेला आणि माझं उत्तरही ठरलेलं — एका एकांकिकेतलं काम पाहून फोन आला. खोटं नाही ते. फोन आला होता. फक्त — पण थांबा, नीट सांगते.

कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा नुकताच फोन बसला होता. पाठोपाठ केबल. नवे नवे चॅनेल निघत होते, मालिकांना चेहरे हवे होते. मी एकोणीस वर्षांची, मंजूताई बावीसची. हौशी मंडळींच्या एका एकांकिकेत ताईनं आईचं काम केलं, मी तिच्या मुलीचं. पांढरे केस, सुरकुत्या — ताई ओळखू येत नव्हती. मुलगा गेलेली ती आई शेवटी रडत नाही, नुसती घासलेली ताटं पुसत बोलत राहते. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी तिच्यासमोर उभी होते आणि मला माझं पुढचं वाक्य आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ताई भाजी आणायला मंडईत गेली होती.

"काल आईचं काम केलं ती तूच का?" कुणी दिग्दर्शक होते. मालिकेसाठी मुलगी शोधत होते.

'नाही, ती माझी ताई' — एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

"हो," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर — नाही, तरीही तेच. पण मी थांबले नाही. ताई घरी आली, तिला सांगितलं, मला बोलावलंय. तिनं पिशवी तिथंच टाकून मला मिठी मारली. आणि मग मी म्हटलं, "ताई, ते आईचं भाषण शिकव ना मला. तेच म्हणून दाखवायचंय."

"आईचं?" ती जराशी थबकली. तेव्हा तिला काही कळलं असेल का? मग म्हणाली, "बरं. बस इथं."

चार दिवस तिनं शिकवलं. कुठं थांबायचं, श्वास कुठं सोडायचा, ताटावरून बोटं कशी फिरवायची. सगळं दिलं. काही म्हणता काही हातचं राखलं नाही.

दिग्दर्शक माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "मेकअपमध्ये वेगळीच दिसतेस," म्हणाले. आणि भूमिका दिली.

ताईला कुणाचाच फोन आला नाही. वर्षभरानं तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला. मग नोकरी, लग्न, अमेरिका. नाटकाचं पुन्हा कधी बोलली नाही. माझी प्रत्येक मालिका मात्र तिथं बसून बघते, दर रविवारी न चुकता फोनवर सांगते — हे छान, हे जरा घाईचं झालं.

लोक म्हणतात, बाई, तुमचं ते बोलता बोलता थांबणं! मी हसते. ते थांबणं कुणाचं आहे, हे कुणाला सांगू? सेटवर पाठांतर करताना समोर ताई हवी असते मला. अजून. अमेरिकेतली नव्हे, ती बावीस वर्षांची. आईचं काम तिनंच करावं, मी मुलगी व्हावं, आणि माझं वाक्य विसरावं.

मागच्या वर्षी ती आली होती. आम्ही दोघीच खडकवासल्याला गेलो. कठड्यावर बसून कणीस खात होतो. पाण्याकडे बघत ती एकदम म्हणाली, "एक विचारू? खरं सांग हं. तेव्हा माझं आईचं काम वाईट झालं होतं का गं?"

इतक्या वर्षांनी तिनं स्वतःहून दार उघडलं होतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मला भूमिका जाण्याची भीती नव्हती, कशाचीच नव्हती.

"बरं झालं होतं," मी म्हणाले.

"हं." तिनं मान हलवली. "मलाही तसंच वाटायचं."

मग उरलेलं कणीस मोडून तिनं अर्धं माझ्या हातात दिलं. आणि मी ते खाल्लं.