छावणीशेजारचा फुगा

आमच्या घरात फुग्याची गोष्ट निघाली की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. चष्मा शोधतो, अंगणात जातो. इतकी वर्षं हेच केलं. परवा एका लग्नात नातवंडांनी ती पुन्हा सांगितली, थोरल्या वहिनीच्या हौसेची गंमत म्हणून, आणि सगळा मांडव हसला. त्या गोष्टीत वहिनीच्या माथी जे मारलं जातं ते खरं नाही. खरं काय ते फक्त मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

तो दुष्काळाचा हिवाळा होता. विहिरी आटल्या होत्या, उभा ऊस कारखान्याऐवजी गुरांच्या छावणीत जात होता. छावणी सहकारी साखर कारखान्याचीच, त्याच्याच माळावर. घरटी एका माणसाने गुरांपाशी राहायचं असा तिथला रिवाज. आमच्या घरची वहिनी राहायची, पाचटाच्या खोपीत. सोबत बैलजोडी आणि तिच्या माहेरून आलेली गाभण गाय. गाईचे दिवस भरत आले होते. ती व्याली की घरात दूध दिसणार होतं.

अशा वर्षात संचालक मंडळाने काय ठरवावं? वर्धापनदिनाला गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव! लोकांचं मन रमावं म्हणे. मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. आम्हा सगळ्या सचिवांना निरोप आला: सहकुटुंब या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत, फोटो निघणार आहेत.

पहाटे आमचं घर हलवायचं म्हणजे डोंगर हलवायचा. भाकरी बांधून घेतल्याशिवाय आई पाय उचलेना. बायकोला पोराचा एक मोजा सापडेना. जीप निघाली तर दादा पुन्हा उतरला, तंबाखू राहिली म्हणून. पोचलो तेव्हा जाहिरातीतल्या फुग्यांपैकी एकच जमिनीवर पसरला होता, बाकीचे ट्रकमध्येच. कारण काय, तर म्हणे वारा. झाडाचं पान हलत नव्हतं. अध्यक्षांचं भाषण मात्र संपायचं नाव घेत नव्हतं.

"ह्याच्यासाटी मला थंडीत उठवलं?" आई म्हणाली. "चादर अंथरल्याली बघायची व्हती तर घरी काय कमी हायत?"

फुग्याचे दोर कारखान्याच्या ट्रॅक्टरांना बांधले होते. ते बघून दादा म्हणाला, "उडवायचाय का दावणीला बांधायचाय बे ह्याला?" दोर धरायला गडी कमी पडत होते, म्हणून त्यालाच बोलावलं. जाताना तो मला सांगून गेला, "तुझ्या वैनीला म्हणलंय, गाईपासून हलू नको."

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. कारखान्याचा एक माणूस तिच्याकडे बघत दोनदा फिरून गेला. मग म्हणालाच, "सचिवसाहेब, घरचे सगळे आले न्हाईत का?" ती खुर्ची मला सलायला लागली. उठलो आणि कुंपण ओलांडून छावणीत गेलो.

"वैनी, चला."

"मी कशी येऊ भाऊजी? ह्ये रागं भरतील. आन गाय सकाळपासून उठबस करायलीय."

"राखणदाराला सांगितलंय मी. तो थांबतोय गाईपाशी."

"नक्की सांगितलंय?"

"व्हय म्हणलं ना! किती इचारता?"

राखणदाराला मी सांगितलं नव्हतं. जाता जाता सांगू म्हटलं होतं, पण तो आधीच फुग्यापाशी तोंड वासून उभा होता. वहिनीने तोंडावर पाणी मारलं, पदर झटकला आणि माझ्यामागून आली. खुर्चीवर अंग चोरून बसली. फोटो निघाला.

मग फुग्याखालचा जाळ सुरू झाला. तो आवाज कसा असतो हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. भट्टीने डरकाळी फोडावी तसा, थांबून थांबून. फुगा उभा राहिला, तरंगला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मागे छावणीत गुरांनी दावी तोडली. ज्यांचं माणूस जागेवर होतं त्यांनी आपापली गुरं धरली. आमच्या दावणीवर कुणी नव्हतं. बैल पुढे सापडले. गाय रोजगार हमीवर खोदलेल्या कोरड्या तळ्यात पडली. वासरू पोटातच गेलं, दुसऱ्या दिवशी तीही.

तळ्याच्या काठावर, सगळ्यांसमोर, दादाने वहिनीला विचारलं, "तुला हलू नको म्हणलं व्हतं ना? कावून गेलतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली गाईकडे बघत राहिलो.

"बघावं वाटलं," ती म्हणाली.

दादाने ते शेवटपर्यंत सोडलं नाही. कोरा चहा हातात आला की म्हणायचा, "फुगा बघायला गेलती, पी आता." हळूहळू घरच त्यावर हसायला लागलं. वहिनीही हसायची. मीसुद्धा हसलो आहे.

दादा गेल्यावर तरी सांगावं म्हणून कितीदा तिच्याकडे गेलो आणि पेरणीपाण्याच्या गप्पा मारून परत आलो. शेवटी ती अंबाजोगाईला दवाखान्यात होती तेव्हा गेलो. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. मला पाहून तिने पडल्या पडल्या पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाली, "भाऊजी उन्हातनं आलेत, च्या सांग." सून तिथेच उभी होती. मी एसटीतल्या गर्दीबद्दल बोललो, चहा प्यालो, निघालो. वहिनी त्या दवाखान्यातून घरी आली नाही.

वाक्यं एवढीच होती: ‘वैनी, राखणदाराला मी सांगितलं नव्हतं. तुमी येत नव्हता, मी वढून आणलं. हे तळ्यावरच दादाला सांगायला पायजे होतं. चुकलं माझं.’