सुषमाच्या मालिकेतली जजबाई

सुषमा गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा मी चिन्नोर तांदूळ निवडत बसले होते. मुंबईच्या दवाखान्यात, झोपेतच गेली म्हणाला. मी "हौ" म्हटलं आणि पुन्हा सुपाकडे वळले. रडू आलं नाही, राग आला. आता भांडायचं कोणाशी?

बालाघाटात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचे वडील जंगलखात्यात, माझे तहसिलीत. ही गोष्टी रचते आणि ती न्याय करते, असं तिची आई आम्हाला चिडवायची. झालंही तसंच. सुषमा मुंबईला जाऊन हिंदी मालिका लिहू लागली आणि मी शेजारच्या जिल्ह्यात कुटुंब न्यायालयाची जज झाले. माझ्या कोर्टात एक रीत होती. नवरा-बायको बोलायला लागण्याआधी मी लेकरांना आयाबाईबरोबर समोसा खायला बाहेर पाठवायची. आईबाप काय बोलतात ते मुलांच्या कानी पडू नये म्हणून. ही रीत मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. माझा स्वतःचा घटस्फोट झाला तेव्हा माझी रेवा दोन वर्षांची, माझ्या मांडीवर झोपलेली होती. मुलीचं काय, असं जजसाहेबांनी विचारल्यावर तिचा बाप म्हणाला, "बच्ची यही रखे साहब, मेरी स्कूटर वापस दिला दीजिए."

हे मी रेवाला कधी कळू दिलं नाही. एकट्या सुषमाला सांगितलं होतं, हट्टा गावच्या जुन्या पायविहिरीच्या, त्या बावडीच्या पायरीवर, डब्यातल्या पुऱ्या खाता खाता. ती माझ्याआधी रडली. "कोणाले नाही सांगत वं," म्हणाली.

मग तिची ती मालिका आली... कुटुंब न्यायालयातली जज, एकटी आई. मला केवढं कौतुक! कोर्टातल्या बारीकसारीक गोष्टी मीच तिला फोनवर समजावून सांगायची. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. जेवणं आटोपली की मी आणि रेवा टीव्हीपुढे बसायचो. एका भागात जजबाईच्या नवऱ्याने भर कोर्टात तेच वाक्य म्हटलं. फक्त स्कूटरची मोटार झाली होती. टीव्हीत स्कूटर शोभत नसावी. रेवा टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होती. "आई, हे अपनंच आहे का?" आयुष्यभर मी कोर्टात चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नव्हती, त्या दिवशी ते जमलं नाही.

मी तिथल्या तिथे मुंबईला फोन लावला. "काहून लिहिलं वं ते? पोरीले ठाऊक नव्हतं, तुले माहीत होतं ना?"

"अवं, तुझं नाव कुठं टाकलं मी? सीन गजब झाला, सेटवर सगळे रडले."

सगळे रडले... मी फोन ठेवला. दरवर्षी तिला पाठवायचे तो चिन्नोरही त्या वर्षापासून बंद केला. रेवा मात्र भांडली नाही. नोकरीला जबलपूरला गेली आणि फोनवर जेवलीस का, एवढंच विचारू लागली. सुषमावर तिचाही माझ्याइतकाच राग असेल, असं मी धरून चालले.

सुषमाची तेरवी इथे बालाघाटात, तिच्या भावाच्या घरी झाली. रेवा आली आणि अशी रडली की भावजयीने तिला जवळ घेतलं. "दर इतवारी तासतासभर बोलायच्या ना दोघी," भावजय मला म्हणाली. मला ठाऊकच नव्हतं. घरी येताना मी विचारलं, माझ्यापासून लपवून काहून?

"सुषमा मौसीले पापाबद्दल काहीपण पूछता येत होतं," रेवा म्हणाली. "तुझ्यासमोर तो विषयच बंद होता."

म्हणजे सुषमाने आधी माझी गोष्ट टीव्हीला दिली आणि मग माझी लेकही नेली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते आहे. तिने मला दगा दिला. आणि तिने माझ्याशी असं केलं हे जिला सांगावं, अशी तिच्याशिवाय मला दुसरी कोणी नाही.

आता रविवारी सकाळी रेवाचा फोन मला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी घाबरून विचारलं, बरी आहेस ना? "हौ, बरी आहे. या टाइमला हात फोनकडेच जातो," ती म्हणाली. ती बापाबद्दल विचारते, मी आठवेल तसं सांगते... तो तिला खांद्यावर घेऊन वैनगंगेवर न्यायचा, तेही सांगितलं. परवा बोलण्याच्या भरात ती मला "मौसी" म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही. मी "हौ" म्हटलं आणि पुढचं ऐकत राहिले.