मामाकडचं म्यान

आत्याच्या थोरल्या मुलाशी माझं लग्न व्हायचं, हे मला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. ते घरात होतंच. आत्या माहेरी आली की मला "सूनबाई, पाणी आण" म्हणायची, आई हसायची आणि आबा ऐकून न ऐकल्यासारखं करून हातातल्या कामाकडं बघायचे. सुपारी फुटली नव्हती, पण मामाची पोरगी करायची असली की आमच्यात सुपारीची घाई कुणी करत नसे.

आम्ही जिनगर. येरमाळ्यात देवीच्या वाटेवर आबांचं दुकान होतं. निजामाचा अंमल, अमीन-जमादार घोड्यावरून फिरायचे, त्यामुळं खोगीर, लगाम, पट्टे असं काम सारखं असायचं. आबांना मुलगा नव्हता. मी रांगत दुकानात गेले ती तिथंच राहिले, असं आई म्हणायची. पुढं आबांच्या उजव्या हाताची बोटं वाकायला लागली. जाड टाका ते कसाबसा घालायचे, पण बारीक काम हातातून निसटायचं. ते सगळं माझ्याकडं आलं. मी पडद्याआड बसून शिवायचे आणि आबा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायचे.

त्या वर्षी माघात आत्या आली. ती आणि आबा ओसरीवर बराच वेळ हळू आवाजात बोलत बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर दोघं गप झाले. मला वाटलं, लग्नाचं बोलणं असणार, पोरीसमोर कसं बोलतील. त्या खेपेला तिनं मला सूनबाई म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं ते फार उशिरा.

आत्या गेल्यावर आबांनी लाकडाचा एक तुकडा माझ्यापुढं ठेवला. कट्यारीच्या पात्याचा नमुना होता तो. वाशीचा लोहार आत्याच्या मुलासाठी नवी कट्यार घडवत होता, काळ्या शिंगाच्या मुठीची. पातं तयार व्हायला वेळ होता, म्हणून त्यानं मापाला हा तुकडा दिला होता.

"लग्नाची कट्यार हाय," आबा म्हणाले. "नवरदेव हातात धरणार. म्यान मामाकडनं जायाचं. तुझ्याच हातचं झालं पायजे."

मी लाजून मान खाली घातली. त्यामुळं आबांचा चेहरा मला दिसला नाही.

मी कातडं निवडलं तेच एकाही जागी डाग नसलेलं. ते भिजवून मऊ केलं, लाकडावर ओढून बसवलं आणि सावलीत वाळू दिलं. उन्हात टाकलं असतं तर तडकलं असतं. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून काळा रंग केला आणि बोळ्यानं थरावर थर दिला. मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवण घातली. मग पुढच्या बाजूला लाल कातड्याच्या बारीक पट्ट्या बसवून कुयऱ्यांची वेल काढली आणि तिच्या कडेनं पिवळं रेशीम भरलं. एक कुयरी जरा वाकडी झाली तर ती उसवून पुन्हा केली. आई मला त्या दिवसांत जात्यावर बसू देत नव्हती. "हात जप बाई," म्हणायची. नवरीचे हात म्हणून जपते, असं मी समजत होते.

चैत्रात देवीची जत्रा भरली, तेव्हा आत्याचा मुलगा आला. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर त्याची नोकरी होती, बार्शीकडच्या हद्दीला. दुकानाच्या दारात उभा राहिला. आबांनी कमरेचा पट्टा मापून घेतला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. जाताना तो पडद्याकडं तोंड करून म्हणाला, "लई कष्ट घेऊ नगंस."

एवढंच बोलला. मी ते शब्द मायेचे समजले आणि त्या दिवसानंतर दुप्पट कष्ट घेतले.

म्यानाच्या पाठीवर, पट्ट्याआड जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं मी एक लहानसं तुळशीवृंदावन भरलं. दारातल्या रांगोळीत काढतो तसं. ते त्याला कधीतरी एकट्यानं बसल्यावर दिसावं, एवढाच त्यातला हेतू.

जत्रा उठल्यावर आबा आणि मी गाडी जुंपून वाशीला गेलो. म्यान पात्यावर बसतं का, हे बघायचं होतं. लोहारानं कट्यार आत सरकवली. ती शेवटपर्यंत गेली आणि घट्ट बसली. त्यानं म्यान उलटसुलट करून बघितलं, पुढची वेल बोटानं चाचपली.

"नशीबवान हाय बार्शीची पोरगी," तो म्हणाला. "असला मामेसासरा मिळाला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कोण बार्शीची?"

लोहार माझ्याकडं बघून हसला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? "नवरी की! वैशाखात लग्नाचा बार न्हाय का बार्शीला?"

मी आबांकडं बघितलं. आबा भात्याकडं बघत होते.

गाव मागं पडलं. म्यान मांडीवर होतं.

"खरं हाय का आबा?"

"व्हय."

"कवापासनं ठाव होतं तुमाला?"

"माघात अक्का आली व्हती, तवापासनं." त्यांनी बैलांना उगीच हाकललं. "दिवस कसले आल्यात बघ. निजामाच्या राज्यात कवा काय व्हईल भरोसा न्हाय. पलीकडं इंग्रजी हद्दीत आसरा पायजे म्हणाली. पोरीचा बाप तिथं घर देतोय त्यांना. म्या काय बोलणार?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू शिवलं असतंस का?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांनाही बहुधा आपण काय बोलून गेलो ते कळलं, कारण पुढचं ते घाईनं बोलले. "माझ्या हातानं आता असलं काम होत न्हाय. अन् मामा रिकाम्या हातानं मांडवात गेला तर अक्काची मान खाली जाती. नव्या सोयऱ्यांत."

"अन् माझी?"

आबांनी कासरा ओढला.

आई दारात उभी होती. तिनं आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावला. मला वेगळं विचारायची गरजच पडली नाही. माझे हात ती कशासाठी जपत होती, हे मला तिथं उंबऱ्यात कळलं.

सकाळी मी दुकानात बसले आणि पाठीवरचं वृंदावन उसवलं. एकेक टाका. आबा समोर येऊन उभे राहिले.

"भोकं दिसतील," ते म्हणाले.

"दिसू द्या."

रेशीम निघालं, पण कातड्यावर पडलेली भोकं बुजत नाहीत. वृंदावन तसंच दिसत होतं, फक्त टिंबांचं. आबांनी माझ्या हातातून म्यान घेतलं, काळ्या कातड्याची एक पट्टी कापली आणि त्यावरून शिवायला बसले. वाकड्या बोटांत सुई राहत नव्हती. दोनदा खाली पडली, त्यांनी चाचपून उचलली. एक टाका लांब, एक आखूड. घाम पुसत दुपारपर्यंत ते शिवत होते. ते काम माझ्या हातून चुटकीसरशी झालं असतं, आणि मी शेजारीच बसले होते. मी हात पुढं केला नाही. त्यांनीही मागितला नाही.

लग्नाला आई-आबा गेले. मी पोट दुखतंय म्हणून शेजारणीकडं राहिले. परत आल्यावर आबा म्हणाले, "म्यान सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. कुणाच्या हातचं म्हणून इचारत व्हते."

"मग?"

"म्या गप बसलो."

पुढं मी दुकानात बसणं सोडलं नाही. घर त्याच कामावर चालायचं. पण आबांनी काम पुढ्यात ठेवलं की मी आधी विचारायचे, हे कुणासाठी आणि कशासाठी. ते सांगायचे. तरी मी गिऱ्हाइकाला पडद्याआडून पुन्हा विचारून घ्यायचे. आबांना ते ऐकू जायचं.

वर्षभरानं अणदूरचं स्थळ आलं. आबा म्हणाले, "मुलाला पसंत हाय. घरच्यांनाबी."

"त्यानं इथं येऊन मला सांगावं."

"असं कुठं असतं व्हय?"

"मग नगं."

आई रडली, आबा दोन दिवस जेवायला माझ्या पंगतीला बसले नाहीत. पण निरोप गेला, आणि तो आला. टोपी हातात, पायांवर धूळ. मी पडदा बाजूला केला.

"म्या तयार हाय," तो म्हणाला. "दुसरीकडं कुठं बोलणं न्हाय."

"तुमच्या घरात अजून काही हाय का, जे सगळ्यांना ठाव हाय अन् मला न्हाय?"

तो गोंधळला. आबांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाय," तो शेवटी म्हणाला. "आई म्हणली, लगीन होईस्तवर सांगू नगं."

त्याला मी हो म्हटलं.

लग्नानंतर आबा मला भेटायला अणदूरला यायचे. पोरांसाठी शेंगा, गूळ आणायचे. मी त्यांना ऊन पाणी द्यायचे, पाय चेपायचे, आवडीचं करून घालायचे. तब्येत कशी हाय विचारलं की म्हणायचे, "बरी हाय, मला काय झालंय?" मी बरं म्हणायचे. मग ते झोपले की बाहेर जाऊन, त्यांच्यासोबत आलेल्या गाडीवाल्याला विचारायचे.